वणव्यात घर कशाने जळते?



फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत कोकणातून किंवा मावळातून रात्रीचा प्रवास ज्यांनी केला असेल, त्यांना एक देखावा ओळखीचा असेल. समोरचा डोंगर काळाकुट्ट असतो आणि त्याच्या अंगावरून, कोणी दिवट्यांची रांग चालवीत न्यावी तशी, एक तांबडी रेघ हळूहळू सरकत असते. गाडीतले कोणीतरी म्हणते, "डोंगर लागला वाटतं." दुसरा म्हणतो, "लागला कसला, लावला असेल कुणीतरी." एवढे बोलून सगळे गप्प बसतात. दुरून तो देखावा सुंदर दिसतो, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्या डोंगराच्या पायथ्याशी ज्याचे घर आहे, गोठा आहे, ज्याची काजूची झाडे यंदा प्रथमच धरली आहेत, त्याच्या डोळ्याला त्या रात्री डोळा लागत नाही.

आज मला सांगायचा आहे तो या जागणाऱ्या माणसाच्या प्रश्नाचा इतिहास. डोंगरावरची आग घरापर्यंत येते कशी, आणि घर जळते ते नेमके कशाने? आपण म्हणाल, यात विचारायचे काय? आग आली, घर जळाले! पण या साध्या प्रश्नाचे खरे उत्तर सापडायला फार वर्षे लागली. आणि सापडलेले उत्तर माणसे पुन्हा पुन्हा विसरली. त्या विसरण्याची किंमत हजारो घरांनी आणि शेकडो जिवांनी दिली.

या इतिहासासाठी आपल्याला अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात जावे लागेल. वणवे आपल्याकडेही आहेत. पण रानाला चिकटून लाकडी घरांची गावेच्या गावे उभी राहिली आणि ती एकेका दिवसात भस्म झाली, असे त्या देशांत वारंवार घडले. आणि मुख्य म्हणजे, तेथील माणसांनी राख निवाल्यावर ती राख तपासली व जे दिसले ते लिहून ठेवले.

आरंभ करू या 1871 सालापासून. त्या वर्षी 8 ऑक्टोबरला, रविवारी रात्री, शिकागो शहराला मोठी आग लागली. ती आग जगाला ठाऊक आहे. परंतु त्याच रात्री, शिकागोच्या उत्तरेला विस्कॉन्सिन संस्थानात पेश्टिगो नावाचे एक गाव जळाले, ते फारसे कोणाला ठाऊक नाही. शिकागोत सुमारे 300 माणसे दगावली. पेश्टिगो आणि त्याच्या आसपासच्या मुलखात 1200 हून अधिक माणसे मेली असा अंदाज आहे. अमेरिकेच्या इतिहासात वणव्याने एवढे बळी दुसऱ्यांदा घेतलेले नाहीत.

पेश्टिगो हे लाकडावर जगणारे गाव. भोवती पाइन वृक्षांचे अरण्य, गावात लाकूड कापण्याच्या गिरण्या, लाकडी बादल्या करण्याचा कारखाना. घरे लाकडाची, पायरस्ते फळ्यांचे, आणि रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून टाकलेला लाकडाचा भुसा! त्या उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नव्हताच. शेतकरी नवी जमीन मोकळी करण्यासाठी झाडोरा जाळीत होते, रेल्वेचा मार्ग काढणारे मजूरही जाळीत होते. कित्येक आठवडे रानात कुठे ना कुठे धुमसत होते आणि लोकांना धुराची सवय झाली होती. मग त्या रविवारी वारा सुटला. पीटर पर्निन नावाचे एक पाद्री त्या रात्रीतून वाचले आणि त्यांनी पुढे सगळी हकीकत लिहिली. त्यांनी आपले चीजवस्तूंचे सामान बागेत खड्डा खणून पुरले, प्रार्थनामंदिरातील पवित्र पेटी गाडीवर घालून नदीकडे नेली, आणि कित्येक तास ते इतर लोकांबरोबर नदीच्या पाण्यात उभे राहिले. डोके पाण्याबाहेर काढले की हवा भाजत होती. सकाळी पाहतात तो गाव नाहीसा झालेला. बांधकाम चालू असलेले, ओल्या लाकडाचे एक घर तेवढे उरले, असे त्या वेळच्या वृत्तांतात सांगितले जाते.

ते ओल्या लाकडाचे घर ध्यानात ठेवा. आग सर्वांवर सारखीच आली होती. जे जळण्याजोगे नव्हते ते राहिले. उत्तर तेथेच होते. पण वाचणाऱ्यांना तो केवळ दैवाचा खेळ वाटला, आणि त्या परिस्थितीत तसे वाटणे स्वाभाविकही होते.

आता कॅलिफोर्नियात या. 17 सप्टेंबर 1923 रोजी बर्कले शहराच्या मागच्या टेकड्यांवरचे वाळके गवत पेटले आणि कोरड्या वाऱ्याबरोबर आग शहरात शिरली. दुपारच्या काही तासांत सुमारे 600 इमारती गेल्या. बर्कले म्हणजे विद्यापीठाचे गाव. तेथे विचार करणाऱ्यांची वाण नव्हती. कारण ताबडतोब ध्यानात आले. तेथील घरांची छपरे लाकडी कौलांची होती. सीडर नावाच्या झाडाच्या पातळ फळ्या चिरून त्या आपल्या मंगलोरी कौलांसारख्या एकीवर एक बसवायच्या, अशी ती पद्धत. दिसायला देखणी, करायला स्वस्त. परंतु उन्हात वाळून त्या फळ्या कागदासारख्या होतात. एक पेटली की वाऱ्याने उचलली जाते आणि जळत जळत पुढच्या आळीतल्या छपरावर जाऊन पडते. म्हणजे प्रत्येक घर हे पुढच्या घरासाठी काडेपेटी! आगीनंतर नगरसभेने अशा छपरांविरुद्ध नियम केला. आणि गंमत पाहा, लाकडाच्या व्यापाऱ्यांनी ओरड केली, घरमालकांना खर्च नको होता, आणि तो नियम लवकरच मागे घेतला गेला. त्याच टेकड्यांवर 68 वर्षांनी, ऑक्टोबर 1991 मध्ये, ओकलंड आणि बर्कलेच्या हद्दीवर पुन्हा आग भडकली. आदल्या दिवशी लागलेली गवताची एक लहानशी आग विझली असे समजले गेले होते. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने ती पुन्हा जागी केली. 25 माणसे मेली आणि तीन हजारांवर बिऱ्हाडे उघड्यावर पडली.

या दोन आगींच्या मध्ये लॉस एंजेलिसची एक आग आहे. 6 नोव्हेंबर 1961 रोजी बेल एअर या श्रीमंत वस्तीत 484 घरे जळाली. त्या दिवसाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रिचर्ड निक्सन आपल्या भाड्याच्या घराच्या छपरावर चढून, हातात बागेची रबरी नळी घेऊन, लाकडी कौलांवर पाणी मारीत आहेत. त्यांचे ते घर वाचले. पण आपली म्हण आहे ना, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आग डोंगरात, बंब खालच्या रस्त्यात, आणि ठिणग्या त्या दोघांच्याही डोक्यावरून पुढे गेलेल्या. अग्निशामक दलाने या आगीवर पुढे एक बोलपटही काढला आणि लाकडी कौलांना स्पष्ट दोष दिला. तरीसुद्धा त्या शहरात नव्या घरांवर अशी छपरे घालण्यास पुरती बंदी झाली ती 1989 मध्ये, म्हणजे 28 वर्षांनी. कारण कळणे एक आणि पचणे दुसरे, हे आपण इतिहासात नेहमीच पाहतो.

आता थोडे ऑस्ट्रेलियाकडे वळू. 13 जानेवारी 1939 या दिवसाला तेथे 'काळा शुक्रवार' म्हणतात. व्हिक्टोरिया प्रांतातल्या त्या वणव्यांत 71 माणसे मेली. चौकशीसाठी नेमलेले न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांनी निष्कर्ष काढला की या आगी माणसाच्याच हातांनी लागल्या होत्या. तो अहवाल आजही उत्तम गद्याचा नमुना म्हणून वाचला जातो. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक मोलाचे काम पाच वर्षांनी झाले, आणि ते फारसे गाजले नाही. जानेवारी 1944 मध्ये मेलबर्न शहराजवळ बोमॅरिस या समुद्रकाठच्या वस्तीत झुडपांच्या रानाची आग शिरली. सरकारी संशोधन संस्थेच्या बॅरो नावाच्या संशोधकांनी तेथील जळालेली आणि वाचलेली घरे हिंडून पाहिली, लोकांना विचारले, आणि 1945 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. लोकांची समजूत होती की वणव्याच्या धगीने घर एकदम भडकते, जणू बॉम्ब फुटावा तसे. बॅरोंना आढळले ते वेगळेच. पुष्कळशी घरे पेटली ती उडून आलेल्या ठिणग्यांनी. ठिणगी वळचणीत शिरली, कौलाखालच्या फटीत बसली, जोत्याखालच्या पोकळीत साचलेल्या पालापाचोळ्यात पडली, आणि आग हळूहळू धरली. मोठी आग निघून गेल्यावर, तास दोन तासांनी, घर जळाले.

हे वाक्य पुन्हा सांगतो. वणवा निघून गेल्यावर घर जळाले. म्हणजे ते वाचविण्याजोगे होते.

पण एका वस्तीच्या पाहणीवरून एवढे मोठे विधान कोण मानणार? प्रयोग हवा होता. तो झाला गेल्या शतकाच्या अखेरीस. जॅक कोहेन हे अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ. त्यांनी आधी गणित मांडले आणि मग कॅनडाच्या उत्तर भागातल्या अरण्यात, जेथे शास्त्रज्ञांनी मुद्दाम वणवे लावून त्यांचा अभ्यास चालविला होता, तेथे लाकडी भिंती उभ्या केल्या. काही रानाच्या कडेपासून 10 मीटरवर, काही 20 मीटरवर, काही 30 मीटरवर. मग झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढलेली प्रचंड आग त्यांच्या दिशेने येऊ दिली. काय झाले? 10 मीटरवरच्या भिंतींपैकी काही पेटल्या. 20 मीटरवरच्या किंचित होरपळल्या, पण पेटल्या नाहीत. 30 मीटरवरच्या भिंतींना काहीच झाले नाही. वणव्याची उंच ज्वाला एका जागी मिनिटभरच टिकते; तेवढ्या वेळात शंभर फुटांवरचे लाकूड पेटविण्याची ताकद तिच्यात नसते.

मग शंभर फुटांपलीकडची घरे का जळतात? न्यू मेक्सिकोमधील लॉस अलामॉस गावाने याचे उत्तर डोळ्यांसमोर ठेवले. मे 2000 मध्ये, रान साफ करण्यासाठी मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर गेली आणि त्या गावात शिरली. कोहेन तेथे गेले. घरांच्या जागी राखेचे ढीग होते, आणि त्या ढिगांच्या शेजारी झाडे हिरवी उभी होती! ज्वालेची लाट आली असती तर झाडे आधी जळाली असती. तेथे आले होते ते निखारे, आणि जमिनीवरच्या वाळक्या पानांतून सरपटत आलेली वीतभर उंचीची आग. ती कुंपणाला लागली, कुंपणाने ती घराला दिली, आणि एका जळत्या घराने शेजारच्या घराला दिली. कोहेन यांचे सगळे म्हणणे थोडक्यात असे, की घराचे भवितव्य ठरते ते घर आणि त्याच्या भोवतीची शंभर फूट जागा यांच्यावर. आणि त्यातही घराला लागून असलेल्या पहिल्या पाच फुटांवर.

अलीकडच्या दोन घटना या मताला पुरावा देतात. 8 नोव्हेंबर 2018 रोजी कॅलिफोर्नियातील पॅरडाइज हे गाव जळाले. विजेच्या तारा वाहणाऱ्या मनोऱ्यावरचा एक झिजलेला आकडा तुटला, तेथून ठिणगी पडली, आणि वाऱ्याने पुढचे काम केले. 85 माणसे मेली, 18 हजारांवर इमारती नष्ट झाल्या. नंतर अभ्यासकांनी घरे मोजली. 1997 पूर्वी बांधलेल्या घरांपैकी शंभरात जेमतेम अकरा-बारा वाचली होती. त्यानंतर बांधलेल्यांपैकी शंभरात अडतीस. आणि घर वाचण्याशी सर्वांत निगडित गोष्टींपैकी एक होती ती शेजारच्या जळालेल्या घरापासूनचे अंतर. आपले घर सांभाळायचे तर शेजाऱ्याचेही सांभाळले पाहिजे, हा शेजारधर्म तेथे आकड्यांनी सिद्ध झाला.

दुसरी घटना हवाई बेटांमधली. 8 ऑगस्ट 2023 रोजी लहायना हे ऐतिहासिक गाव जळाले आणि सुमारे 100 माणसे गेली. आकाशातून घेतलेल्या चित्रांत राखाडी राखेच्या मैदानात लाल छपराचे एकच घर धडधाकट उभे दिसते. लोकांना तो चमत्कार वाटला. परंतु कारण साधे होते. घर जुने, लाकडीच. मालकांनी नुकतेच त्याचे छप्पर काढून पत्र्याचे घातले होते, आणि भिंतीलगतची झाडेझुडपे काढून वळचणीच्या रेषेपर्यंत दगडगोटे पसरले होते. तेही आगीच्या भीतीने नव्हे, तर वाळवीच्या! पेश्टिगोचे ओल्या लाकडाचे घर आणि लहायनाचे लाल छपराचे घर, दोहोंमध्ये 152 वर्षांचे अंतर आहे. सांगणे मात्र एकच आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली नाही तर मी श्रोत्यांचा अपराधी ठरेन. घर वाचविण्याजोगे असते, हे कळल्यावर ऑस्ट्रेलियात एक धोरण रूढ झाले: तयारी केली असेल तर घरातच राहा आणि घर वाचवा, नाहीतर वेळेवर निघून जा. 16 फेब्रुवारी 1983 च्या आगींत 75 माणसे मेली, आणि तरीही पाहणी करणाऱ्यांना दिसले की धडधाकट माणसे थांबलेली पुष्कळ घरे वाचली होती. त्याने त्या धोरणाला बळ आले. परंतु 7 फेब्रुवारी 2009 चा 'काळा शनिवार' उजाडला आणि 173 माणसे मेली. त्यांतील शंभराहून अधिक घरांच्या आतच सापडली. कित्येकांनी तयारी केली होती. त्या दिवसाचा वारा आणि उष्मा कोणत्याही तयारीच्या पलीकडचा होता. चौकशी आयोगानंतर सांगणे बदलले: अति धोक्याच्या दिवशी घर सोडून लवकर जाणे हाच शहाणपणा. तेव्हा घराची राखण करायची ती आधीच्या दिवसांत. आगीच्या दिवशी माणसांची करायची. घर असे करून ठेवावे की आपण नसतानाही त्याने ठिणगीला दाद देऊ नये.

आता आपल्या मुलखात परत येऊ. सह्याद्रीतले बहुतेक वणवे माणसांच्याच हातचे असतात: कोणी नवे गवत चांगले येते म्हणून लावतो, कोणी शिकारीसाठी, कोणी बिडीचे थोटूक टाकतो, कोणाचा बांधावरचा जाळ आवरत नाही. राखीव जंगलात आग लावणे हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. आणि अलीकडे उपग्रहांवरून दिसलेल्या आगींच्या सूचना भारतीय वन सर्वेक्षण संस्था मोबाइलवर पाठविते. तथापि कायदा आणि उपग्रह तुमच्या पन्हळीतला पाला काढणार नाहीत. ते काम घरच्यांचे.

आपल्या जुन्या माणसांना यातले पुष्कळ ठाऊक होते. बागेच्या कडेने गवत काढून जाळरेषा मारणे, वैरणीची गंजी घरापासून लांब रचणे, अंगण सारवून स्वच्छ ठेवणे, या चाली उगीच पडल्या नाहीत. आज घरे बदलली. डोंगरउतारावर हवेशीर बंगले झाले. लाकडी कठडे, भिंतीवर चढविलेल्या वेली, छपरावर वाकलेली झाडे आणि मागच्या पडवीत रचलेला जळाऊ लाकडांचा ढीग. बंगला सिमेंटचा आहे म्हणून मालक निर्धास्त असतो. पण निखारा भिंतीला विचारीत बसत नाही. तो उघडा झरोका, प्लास्टिकची ताडपत्री आणि पायपुसणे शोधतो.

तेव्हा करायचे ते इतकेच. पौष-माघातच छपरावरचा आणि पन्हळीतला पाला काढावा. भिंतीपासून पाच फुटांत वाळके गवत, लाकूड, वैरण, काथ्या, ताडपत्री असे काही ठेवू नये. तेथे माती, खडी किंवा फरशी असावी. छपरावर आलेल्या फांद्या तोडाव्यात. झरोक्यांना आणि वळचणीच्या फटींना धातूची बारीक जाळी बसवावी. भोक तीन मिलिमीटरहून मोठे नसावे. काटक्यांचे कुंपण घराच्या भिंतीला भिडवू नये. शंभर फुटांतले गवत आखूड ठेवावे. जाळरेषा एकट्याने मारण्यापेक्षा सगळ्या वाडीने मिळून मारावी. आणि बाहेर पडण्याची वाट कोणती, म्हाताऱ्यांना कोण नेणार, गुरांची दावी कोण सोडणार, हे आधी ठरवून ठेवावे.

यात खर्च म्हणाल तर जाळीचा. बाकी सगळे कोयता, झाडू आणि दोन सुट्यांच्या दिवसांचे काम आहे. बर्कलेच्या नगरसभेलाही 1923 मध्ये हे कळले होते. त्यांना वाटले, एवढी मोठी आग पुन्हा थोडीच येणार आहे? तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांची गोष्ट आपण मुलांना हसत हसत सांगतो. पुढच्या वेळी समोरच्या डोंगरावर ती तांबडी रेघ दिसेल, तेव्हा पायथ्याच्या त्या माणसाला निदान घराच्या चिंतेने तरी जागे राहावे लागू नये.